तीन लाखांत टूरिंगची बाइक कोणती घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा: “वय ३६, उंची पाच फूट सहा इंच. घर कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला. सध्या १५० सीसीची जुनी गाडी आहे. महिन्यातून एखादा वीकएंड मी आणि बायको डबलसीट कोकणात, नाहीतर जुन्नर-नाशिकच्या बाजूला जातो. वेग ७०-८०, घाई नसते. एकदा तरी लडाखला जायचं आहे. बजेट सगळं मिळून तीन लाख, आणि रोज ऑफिसलाही हीच गाडी न्यायची आहे. मित्र म्हणतात, घेतोच आहेस तर रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० नाहीतर केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर घे. दोन्हीवर बसून आलो, पण ठरत नाही.”

दोन्ही गाड्या उत्तम आहेत, पण तुमच्यासाठी मी दोन्ही सुचवणार नाही. मी ठाण्यात टूरिंगच्या गाड्यांची कामं करतो आणि पावसाळा सरला की मंडळींना घेऊन राइडलाही जातो. हौसेने घेतलेली नवी गाडी वर्षाच्या आत विकायला काढणारे माझ्याकडे नेहमी येतात. त्यांच्या गाडीत बहुतेक वेळा काही खोट नसते. कुणाला रोज ऑफिसला नेऊन ती नकोशी झालेली असते, कुणाच्या घरातलं माणूस दुसऱ्यांदा मागे बसायला तयार नसतं, तर कुणाचा हप्ता भरून झाल्यावर फिरायलाच पैसे उरत नाहीत. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी पैशांचं बघू. “सगळं मिळून” असं तुम्ही म्हणालात ते बरं केलंत, कारण जाहिरातीत दिसते ती शोरूमची किंमत असते. त्यावर महाराष्ट्रात एकरकमी रोड टॅक्स लागतो, तो दुचाकीला इंजिनाच्या आकारानुसार साधारण १० ते १२ टक्के पडतो. शिवाय रजिस्ट्रेशन आणि नव्या दुचाकीला सक्तीचा असलेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५०च्या वरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. काही कंपन्यांनी मोठ्या गाड्यांचा वाढीव कर स्वतः सोसून किमती धरून ठेवल्या, पण त्या भरवशावर हिशेब मांडू नका. थर्ड पार्टी प्रीमियमची पायरीसुद्धा ३५० सीसीवरच आहे, ती ओलांडली की तो जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळे ३४९ आणि ४५० सीसीमधलं अंतर खिशाच्या दृष्टीने दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं आहे. हिमालयन ४५० रस्त्यावर येईपर्यंत साडेतीन लाखांच्या पुढे जाते. म्हणजे हेल्मेट घ्यायच्या आधीच तुमचं बजेट संपलं.

आणि हेल्मेटचा, जॅकेटचा खर्च गाडीच्या आधी बाजूला काढायचा असतो. तीन लाखांतले पन्नास-साठ हजार आजच वेगळे ठेवा. दोन चांगली फुलफेस हेल्मेट, दोन आर्मरवाली (खांदे-कोपरांना संरक्षक पॅड असलेली) जॅकेट, दोन जोड ग्लोव्ह्ज, घोटा झाकणारे बूट, सॅडलबॅग (सीटच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या बॅगा), पंक्चर किट आणि हवा भरायचा छोटा पंप, एवढ्यात ते संपतात. चालवणारा नखशिखांत जॅकेट-बुटांत आणि मागे वहिनी ओढणी आणि साध्या चपलेवर, असं चित्र मला दर शनिवारी घोडबंदरला दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं. गाडी घसरली तर दोघंही एकाच डांबरावर घसरणार आहेत. उरलेल्या दोन लाख चाळीस हजारांत ऑन-रोड, म्हणजे कर-विम्यासकट, बसेल अशीच गाडी बघायची, असं एकदा पक्कं केलंत की यादी आपोआप छोटी होते.

आता रस्त्यांकडे या. गाडीची निवड इथे ठरते, आणि मित्रांच्या गप्पांत नेमकी हीच गोष्ट सुटते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. समृद्धी महामार्गावर बंदी आहे. अटल सेतूवरही बंदी आहे. म्हणजे जिथे मोठं इंजिन मोकळं सोडता येईल असे आपल्या आसपासचे सगळे रस्ते आपल्यासाठी बंद. उरतं काय? पनवेल-खोपोलीवरून खंडाळ्याला चढणारा जुना पुणे रस्ता, माजिवड्यावरून निघणारा नाशिक हायवे आणि पुढे कसारा घाट, मुरबाडवरून माळशेज, वाडा-जव्हारकडचे रस्ते, आणि गोव्याकडे जाणारा ६६ नंबरचा हायवे. शिवाय मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर करत जाणारा किनाऱ्याचा रस्ता, जो तुम्हाला बहुधा सगळ्यात जास्त आवडत असणार. चौपदरी महामार्गावरही दुचाकीची कायदेशीर मर्यादा ८० आहे, आणि तुमचा स्वतःचा वेग तेवढाच आहे. या रस्त्यांवर शंभरच्या वरचा वेग हा तुमच्या गाडीच्या निवडीचा निकष होऊच शकत नाही.

निकष तीन आहेत: खड्डा कसा गिळते, घाटात डबलसीट कशी ओढते, आणि उभी असताना सांभाळता येते का.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. टूरिंगमध्ये गाड्या पडतात त्या बहुतेक उभ्या-उभ्या किंवा पाच-दहाच्या वेगात. पेट्रोलपंपावरच्या बारीक खडीवर, उतारावर यू-टर्न घेताना, ढाब्याच्या कडेच्या चिखलात. आणि कोकणात हमखास जेटीवर. आगरदांड्याहून दिघीला, वेश्वीहून बागमांडल्याला किंवा दाभोळहून धोपाव्याला जाताना फेरीबोटीचा रॅम्प आठवा. भरतीचं पाणी लागून ओला झालेला असतो, कडेला शेवाळ, मागून जीपवाला हॉर्न देत असतो. वहिनी आधीच उतरून चालत आत गेलेल्या असतात. बोटीत शिरलं की खलाशी हाताने खूण करून अगदी कडेला, दोन गाड्यांच्या मधे लावायला सांगतो, आणि लोखंडी तळावर ती अर्धवट वळवून मागे ढकलायची असते. तिथे १९६ किलोची हिमालयन, वर दहा-बारा किलोच्या बॅगा, अशी गाडी एका पायाच्या चवड्यावर तोलायची कल्पना करा. सवयीचा माणूस करतो. पण तुम्ही १५० सीसीच्या गाडीवरून येताय, ती १४०-१५० किलोची असेल. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही दोन स्कूटरच्या फटीतून गाडी रोज सकाळी बाहेर काढायची आहेच.

म्हणून शोरूममध्ये नुसतं बसून पाय टेकतात का बघू नका. गाडी उताराकडे तोंड करून उभी करायला सांगा आणि बसल्या जागेवरून पायांनी मागे रेटून बघा. मग खाली उतरा, हँडल धरून ती दहा पावलं चालवत न्या आणि वळवून आणा. ज्या गाडीबरोबर हे करताना श्वास रोखावा लागतो ती गाडी नको. सीटची उंची कागदावर ८३५ मिलिमीटर वाचून घाबरू नका आणि ७६५ वाचून निश्चिंतही होऊ नका. सीट पुढे निमुळती असेल आणि बसल्यावर शॉकअप दोन-तीन सेंटीमीटर बसत असेल तर उंच गाडीवरही दोन्ही चवडे नीट टेकतात. तुमच्या उंचीला चवडे घट्ट टेकले तर पुरेसं आहे, टाच टेकायलाच हवी असं नाही.

आता इंजिन. पॉवरचा आकडा सगळे विचारतात, पण तो आकडा किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) मिळतो हे क्वचितच कुणी विचारतं. तुमच्या “रायडिंग स्टाइल”चं उत्तर त्या दुसऱ्या आकड्यात आहे. उदाहरण म्हणून दोन गाड्या घेऊ, कारण पुढे या दोन्ही तुमच्यापुढे ठेवणार आहे. रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर ३५० चा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद, २७ न्यूटन-मीटर आणि तो ४,००० आरपीएमला मिळतो. सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्सचा २२.२ आणि तो ७,३०० ला. घाटात पुढे एसटी आहे, मागे वहिनी आणि बॅगा आहेत, वेग ४५, गाडी चौथ्यात. मीटिऑरवर तुम्ही नुसता अ‍ॅक्सिलरेटर पिळलात तर ती गुरगुरत ओढायला लागते. व्ही-स्ट्रॉमला तिसरा टाकावा लागतो, पण तिसरा टाकून आरपीएम वर नेले की ती मीटिऑरपेक्षा चपळाईने एसटीच्या पुढे जाते आणि तिथे कमी वेळ समोरच्या लेनमध्ये राहते. यांत एक बरोबर आणि दुसरी चूक असं नाही. गिअर बदलायला ज्यांना कंटाळा येत नाही त्यांनी दुसरी घ्यावी, एका गिअरमध्ये शांतपणे वाहत राहायला आवडतं त्यांनी पहिली. केटीएमच्या ३९० चं इंजिन याच रेषेवर आणखी टोकाला आहे. ते फिरवत ठेवलं की गाडी जिवंत होते, आणि तसं चालवणाऱ्याला दुसरं काही आवडत नाही. पण तुम्ही ७०-८० ला, डबलसीट, निवांत जाणारे. त्या इंजिनाची मजा तुम्ही कधी घेणारच नाही, पैसे मात्र भराल.

रोजचं ऑफिसही विसरू नका. घोडबंदर रोडची सकाळ, मग माजिवडा, कळवा नाका, विटावा आणि ऐरोली. हे अंतर किलोमीटरमध्ये फार नाही, पण क्लच किती वेळा दाबावा लागतो ते मोजा. क्लच हलका आहे का, पंखा सुरू झाला की गरम हवा मांडीवर येते का, क्रॅशगार्ड लावल्यावर गाडी रिक्षांच्या मधून निघते का, याचा त्रास किंवा सुख वर्षातले दोनशे-अडीचशे दिवस तुमच्या वाट्याला येणार आहे. कोकण त्या मानाने थोडे दिवस.

मागच्या सीटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमची प्रत्येक मोठी राइड डबलसीट आहे. मागच्या माणसाला खड्डा दिसत नाही. चालवणारा आधीच अंग सावरतो, मागचा बेसावध असतो, आणि तो बसतो जवळजवळ मागच्या चाकावर. त्यामुळे मागच्या शॉकअपचा प्रवास किती आहे (म्हणजे तो किती खाली-वर होतो) आणि तो वजनाप्रमाणे घट्ट करता येतो का, हे वहिनींच्या कमरेसाठी फार महत्त्वाचं. दोघं आणि बॅगा घेऊन निघालात आणि रात्री समोरचे सगळे डिपर मारायला लागले, तर समजा की मागचा शॉकअप दबलाय, गाडीचं नाक वर गेलंय आणि हेडलाइट लोकांच्या डोळ्यांत जातोय. अशा गाडीचं पुढचं चाकही हलकं पडतं आणि वळणात ती रुंद जाते. टूलकिटमधला बाकदार पाना घेऊन स्प्रिंगखालची खाचांची कडी दोन टप्पे वर फिरवा, टायरमध्ये कंपनीने डबलसीटसाठी सांगितलेली हवा भरा. पाच मिनिटांचं काम आहे. नवी गाडी घेतल्यावर एकदा मेकॅनिककडून शिकून घ्या, कारण हे काम कुणी केलेलंच नाही अशा गाड्या मी सतत बघतो.

क्रूझर पद्धतीच्या बैठकीबद्दलही सांगायला हवं. मीटिऑरसारख्या गाडीवर पाय पुढे असतात. सपाट हायवेवर फार छान वाटतं. पण खड्डा आला की फूटरेस्टवर उभं राहून अंग हलकं करता येत नाही, सगळा धक्का माकडहाडात जातो. वडखळ-नागोठण्याचा किंवा मुरबाडचा रस्ता पावसाळ्यानंतर कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. व्ही-स्ट्रॉम, हिमालयन किंवा अगदी होंडा सीबी ३५० वर फूटरेस्ट कमरेच्या बऱ्यापैकी खाली येतात, खड्ड्यावर ढुंगण दोन बोटं उचलता येतं, आणि दिवसाच्या शेवटी याचा फरक पाठीला कळतो.

लडाखबद्दल. ते स्वप्न सोडू नका, पण त्यासाठी गाडी निवडू नका. ठाण्याहून जाऊन येऊन पंधरा-वीस दिवसांची ती राइड आयुष्यात एकदा, फार तर दोनदा होणार. बरेच जण गाडी रेल्वेच्या पार्सलने उत्तरेत पाठवून तिथून चालवतात (टाकी रिकामी करून द्यावी लागते, हे लक्षात ठेवा), कुणी लेहमध्ये भाड्याने घेतात. शिवाय तिथे लहान इंजिनाच्या गाड्या वर्षानुवर्षं जाऊन येत आहेत. उंचीवर हवा विरळ होते आणि प्रत्येकच इंजिनाची ताकद घटते, म्हणून हळू जायचं. मनालीकडून गेलात तर टांडीच्या पंपावरचा “पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर” हा फलक प्रसिद्ध आहे. हिमालयन ४५० च्या १७ लिटर टाकीत हे अंतर निवांत जातं. व्ही-स्ट्रॉमची टाकी १२ लिटरची, लिटरला तीस-पस्तीस देते असं धरलं तर डबलसीट, चढावर ती काठावर पोचेल, म्हणून पाच लिटरचा कॅन बरोबर लागेल. एका कॅनने सुटणाऱ्या अडचणीसाठी लाखभर रुपये जास्त मोजू नका.

मग घ्यायची कोणती? माझी पहिली पसंती तुमच्यासाठी सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स. २४९ सीसी, २६.५ पीएस, वजन १६७ किलो. हिमालयन ४५० पेक्षा जवळजवळ तीस किलो कमी, आणि हा फरक रॅम्पवर, पार्किंगमध्ये, विटाव्याच्या गर्दीत रोज जाणवणार. पुढचं चाक १९ इंचांचं, त्यामुळे खड्डा सोपा जातो आणि वळणातही गाडी आळशी वाटत नाही. मागची सीट रुंद आहे, धरायला भक्कम कडी आहे. अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर आहेत, याला मी फार महत्त्व देतो. स्पोक आणि ट्यूबच्या गाडीला पंक्चर झालं की चाक खोलावं लागतं, आणि केळशी-आंजर्ल्याच्या बाजूला रात्री आठनंतर पंक्चरवाला शोधत फिरण्यात काय हाल होतात ते ज्याने सोसलं तोच जाणे. ट्यूबलेसमध्ये खिळा उपटून पट्टी घालून हवा भरलीत की तुम्ही मार्गाला लागलात. हिमालयन ४५० ला ट्यूबलेस स्पोक व्हील मिळतात, पण त्यांचे पैसे वेगळे. व्ही-स्ट्रॉमच्या उणिवाही सांगतो. सीट ८३५ ची, तुमच्या उंचीला चवड्यांवर काम चालवावं लागेल. डबलसीट असताना घाटात गिअर बदलत राहावं लागेल. आणि दिसायला ती तुमच्या मित्रांना हिमालयनइतकी भारदस्त वाटणार नाही.

चवडे नीट टेकले नाहीत, किंवा टेस्ट राइडमध्ये तुम्हाला सारखे गिअर बदलणं नकोसं झालं, तर होंडाची हायनेस सीबी ३५० बघा. ३४८ सीसी, टॉर्क ३० न्यूटन-मीटर आणि तोही ३,००० आरपीएमला, वजन १८१ किलो, टाकी १५ लिटर. खालच्या आरपीएमला ती इतकी सुरळीत ओढते की वहिनी मागे डुलकी काढतील (काढू देऊ नका). मीटिऑर तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, फक्त वर लिहिलेल्या खड्ड्यांच्या कारणाने. पण वहिनींनी तिघींवर बसून मीटिऑरला पसंती दिली, तर माझं ऐकू नका, त्यांचं ऐका. तिच्या काही व्हेरिएंटना मागे टेकायला पाठ मिळते आणि सर्व्हिस सेंटर तर कुठल्याही तालुक्याच्या गावाला सापडतं.

हेच तीन लाख वेगळ्या माणसाचे असते तर मी वेगळं लिहिलं असतं. एकटाच फिरणारा, मोखाड्याच्या कच्च्या वाटांवर, भंडारदऱ्याच्या मागच्या रस्त्यांवर रमणारा असेल तर हीरोची एक्सपल्स घेऊन उरलेल्या पैशांत वर्षभर फिरावं. एका दमात ठाणे-बेळगाव-बेंगळुरू करणाऱ्याला बजाज डॉमिनार ४०० चं ४० पीएसचं इंजिन कामाला येतं. घाटात वळणं घ्यायला पहाटे एकटं निघणाऱ्याला ट्रायम्फ स्पीड ४००. आणि बजेट मोकळं असेल, सपाट हायवेच जास्त असतील, तर रॉयल एनफिल्डची ६५० ची दोन सिलिंडरची इंजिनं इतकी शांत धावतात की आठ तासांनी हाताला मुंग्या येत नाहीत. तुमचं काम यांपैकी एकाही गाडीचं नाही.

सेकंडहँड घ्यायची तयारी असेल तर जुनी हिमालयन ४११ जरूर बघा. सीट ८०० ची, टॉर्क ३२ आणि तो खालीच मिळतो, पुढच्या आणि मागच्या दोन्ही शॉकअपचा प्रवास लांब, मागे बसणाऱ्याला खड्ड्यांत तिच्याइतकं सुख या किमतीत दुसरी गाडी देत नाही. वजन मात्र १९९ किलो आणि पुढे ट्यूबवालं २१ इंची चाक. शक्यतो एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) इंजिनाची घ्या. बघायला जाताना सकाळी, इंजिन गार असताना जा आणि मालकाला आधी सुरू करू नका म्हणून सांगा. सेंटर स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवा, मधे एका जागी अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय. पुढच्या शॉकअपच्या नळीवर बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलं. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चक्रावरून) मागे ओढून बघा, दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेट बदलायला आलंय. टायरवर चार आकडे असतात, २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या पुढचा टायर कितीही नक्षीदार दिसला तरी बदलायचा, आणि ते पैसे किमतीतून कापून घ्यायचे. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणून जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप कडक झालेत का, चिरलेत का हेही बघा. आरसीवर (नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म दोघांनी समोरासमोर सह्या करून भरा.

नवी घेणार असाल तर टेस्ट राइडबद्दल एक आग्रह आहे. शोरूमवाले सपाट रस्त्यावर दोन चकरा मारून आणतात, त्यातून काही कळत नाही. सकाळची वेळ मागून घ्या आणि वहिनींना बरोबर न्या. शक्य झालं तर उपवनवरून येऊरच्या गेटपर्यंतचा चढ डबलसीट चढून या. चढावर मधे थांबा, पुन्हा निघा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून इंजिन किती रोखून धरतं ते बघा. मग घोडबंदरच्या एखाद्या फ्लायओव्हरवर चौथ्या गिअरमध्ये चाळीसवरून ओढून बघा. वाटेतला एक खड्डा मुद्दाम, हळू वेगात घ्या आणि लगेच मागे विचारा. उतरल्यावर वहिनींनी पाय टाकून पुन्हा चढून बघावं, कारण सॅडलबॅग लावल्यावर ते आणखी अवघड होतं. स्क्रीन, ब्लूटूथ, नेव्हिगेशन यांच्यावर वेळ घालवू नका. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) या सगळ्या गाड्यांना आहेच.

गाडी घरी आली की पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत सबुरीने चालवा, एकाच वेगात तासन्‌तास नको. सर्व्हिसिंग झालं की लगेच कोकणाचा तीन दिवसांचा बेत करू नका. आधी एका दिवसाची राइड करा: कल्याण, मुरबाड, टोकावडे, माळशेज चढून ओतूर, आणि त्याच रस्त्याने परत. यात शहर आहे, खराब रस्ता आहे, घाट आहे आणि वरचा सरळ पट्टाही आहे. बॅगा भरूनच जा, रिकाम्या नको. घरी आल्यावर वहिनींना कुठे दुखतंय ते विचारा. माकडहाड म्हणाल्या तर सीटचा फोम बदलून घ्यायचा, ते काम चांगला सीटवाला दिवसाभरात करतो. गुडघे म्हणाल्या तर सॅडलबॅग पायांना पुढे रेटते आहे, ती चार बोटं मागे बांधा. खांदे आणि हात म्हणाल्या तर दिवसभर त्या कडीला धरून लटकत होत्या, मागे टेकायला टॉपबॉक्स (सीटमागे बसवायची पेटी) आणि त्याला गादी लावा. कंबर म्हणाल्या तर शॉकअपची कडी एक टप्पा फिरवून पुढच्या रविवारी पुन्हा तोच रस्ता करून बघा.